डाउटफुल साउंडमधलं अवजल

 

दरवर्षी या सदरात मी आमच्या एखाद्या सहलीबद्दल लिहिते आणि अंक हातात पडला की दरवर्षी कुणीतरी विचारतं, "राहिलात कुठे? आणि जेवणाचं काय केलंत?" यंदा उत्तरं आधीच देऊन टाकते. न्यूझीलंडमधल्या टे अनाऊ गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं आणि जेवण आईने केलं. तिकडे विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. आईची थालीपिठाची भाजणी अधिकाऱ्याने उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि हसून परत दिली. आता मूळ विषयाकडे वळते.

आई-बाबा सिंगापूरला आले की आपल्या सगळ्यांच्या घरी साधारण एकच कार्यक्रम असतो. मरिना बे, बोटॅनिक गार्डन, मुस्तफा, लिटल इंडियातली भाजी. मग शनिवार-रविवार संपतात, आपण कामाला जातो आणि ते दोघं घरात. आमचे बाबा अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून दूरवर नांगरलेली जहाजं मोजायचे. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं पोफळीला कोयनेच्या वीजघरात पाळ्या केल्या, तो माणूस माझ्याकडे आला की "लिफ्टचं कुठलं बटण दाबू?" असं विचारायचा. आणि मीही "बाबा, थांबा, मी दाबते" म्हणायची. रस्ता ओलांडताना हात धरायची. कार्ड मीच टॅप करायची. हॉटेलात त्यांना काय हवं ते मीच सांगायची. मला वाटायचं, मी त्यांची काळजी घेतेय.

एकदाच ते खुलले होते. चांगी पॉइंटहून पुलाव उबिनला जाताना. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बमबोट पाहिली आहे. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की सुटते. बाबा म्हणाले, "अरे, ही तर आपली तर!" कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खाडी ओलांडून देणाऱ्या होडीला आमच्याकडे 'तर' म्हणतात. बाबांचं गाव दाभोळच्या खाडीच्या काठावर, म्हणजे वाशिष्ठीच्या. शाळा पलीकडच्या तीरावर, त्यामुळे त्यांचं शिक्षण तरीतून झालं. उबिनच्या कांदळवनाजवळ चिखलाचा वास आला तेव्हा त्यांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "ओहोटी लागलेय."

मागच्या डिसेंबरात शाळेच्या सुट्टीत आम्ही सगळे न्यूझीलंडला निघालो. सिंगापूरहून क्राइस्टचर्चला थेट विमान आहे. तिथून पुढे क्वीन्सटाउन आणि मग मोटारीने दोनेक तासांवर टे अनाऊ. बहुतेक लोक तिथून मिलफर्ड साउंड बघायला जातात. आम्ही डाउटफुल साउंड निवडला, कारण तिथे गर्दी कमी आणि छोट्या बोटीतून आतल्या फाट्यांमध्ये जाता येतं. नावात 'डाउटफुल' का, तर १७७० मध्ये कॅप्टन कुक तिथून जात होता. त्याला तोंड दिसलं, पण आत शिरल्यावर बाहेर यायला वारा मिळेल की नाही याची शंका आली, म्हणून तो आत गेलाच नाही. माओरी लोक या जागेला पातेआ म्हणतात, शांततेची जागा.

तिथे पोचणंसुद्धा सोपं नाही. आधी मानापौरी तलावातून पाऊण तास बोट, मग २२ किलोमीटरचा मातीचा घाटरस्ता, ६७१ मीटर उंचीच्या विल्मट खिंडीतून, आणि मग खाली डीप कोव्ह या धक्क्यावर दुसरी बोट. तलाव संपतो तिथे एका बाजूला विजेचे मोठे खांब आणि तारा दिसल्या. बाबा उठून उभे राहिले. गाइड मुलगी सांगत होती की इथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे, तलावाचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि वापरलेलं पाणी सुमारे १० किलोमीटर लांबीच्या दोन बोगद्यांतून डोंगरापलीकडे समुद्राला सोडतात. पहिला बोगदा वीजघराबरोबर १९६९-७१ च्या सुमारास वापरात आला, दुसरा २००२ मध्ये. आम्ही चाललो होतो तो घाटरस्ताही त्याच कामासाठी खोदलेला.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, "कळलं. पोफळी आहे ही."

आणि खरंच तसंच आहे की हो! कोयना मूळची पूर्वेला जाणारी नदी. कराडला कृष्णेला मिळते आणि पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं. धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, डोंगराच्या आत पोफळीच्या वीजघरात सोडलं आणि तिथून ते वाशिष्ठीत येतं. कोकणात त्याला 'कोयनेचं अवजल' म्हणतात. मानापौरीचं पाणीही मूळचं दक्षिणेला जाणारं. तेही असंच डोंगरातून पश्चिमेला वळवलेलं. मानापौरी तलाव समुद्रसपाटीपासून १७८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे पाणी तेवढंच खाली पडतं. हे कळल्यावर बाबांनी गाइडला आपल्या इंग्रजीत सांगितलं, "अवर कोयना, मोअर दॅन फोर हंड्रेड फिफ्टी मीटर्स!" त्या मुलीने डोळे मोठे केले. मग पूर्ण घाटभर बाबा तिच्या शेजारच्या सीटवर. मी मागे. भाषांतराची गरज कुणालाच नव्हती.

तिने एक गोष्ट सांगितली ती मलाही नवी होती. सुरुवातीला या प्रकल्पासाठी तलावाची पातळी बरीच वाढवायची होती, काठचं जंगल बुडणार होतं. लोकांनी विरोध केला. १९७० मध्ये २,६४,९०७ लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या साधारण २८ लाख, म्हणजे दहातल्या जवळजवळ एकाने सही केली. शेवटी तलाव वाढवला नाही, वीजघर मात्र चालू राहिलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या शिवसागराखाली गावंच्या गावं गेली. ती माणसं कुठे कुठे पांगली. मी त्याच पाण्यावर पगार घेतला आणि तुला शिकवलं." यावर काय बोलणार?

डीप कोव्हला आमची बोट लागली. डझनभर माणसांची छोटी बोट, मागे दोन-दोन माणसांच्या कयाक बांधलेल्या. ज्या जागी अवजल समुद्रात येतं ती जागा बाबांनी सगळ्यांच्या आधी ओळखली. पुढे गेल्यावर त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं.

"गोडं आहे!"

समुद्राचं पाणी आणि गोडं? पण तसंच असतं. या किनाऱ्यावर आपल्या कोकणाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. डोंगरावरून येणारं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर काही मीटरचा थर करून तरंगत राहतं. इथे त्यात वीजघराच्या पाण्याची भर. जंगलातल्या पाल्यापाचोळ्यातून आल्यामुळे त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि त्यामुळे खाली उजेड पोचत नाही. म्हणून खोल समुद्रात राहणारी काळी पोवळी इथे बऱ्यापैकी वरच वाढतात. त्यांना वाटतं आपण खूप खोलात आहोत!

आमच्या ईशानचा भूगोल नुकताच सुरू झालाय. त्याचा आणि आजोबांचा वाद लागला. आजोबा म्हणत होते, "खाडीच ती." तो म्हणत होता, "नाही आजोबा, हा फियोर्ड आहे. खाडी वेगळी." दोघांचंही बरोबर होतं. खाडी म्हणजे नदीने कोरलेली दरी, तिच्यात समुद्र शिरला. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी, तिच्यातही समुद्रच शिरला. बर्फाची नदी खडक खरवडत जाते, म्हणून दरीच्या भिंती उभ्या आणि तळ फार खोल. डाउटफुल साउंड सर्वांत खोल ठिकाणी ४२१ मीटर आहे. सिंगापूरमधली कुठलीही इमारत तिथे उभी करून ठेवली तर ती पूर्ण बुडेल आणि वर शंभर मीटर पाणी उरेल. तोंडाशी मात्र तळ उंचावलेला असतो, घराच्या उंबरठ्यासारखा.

गंमत म्हणजे प्रसिद्ध मिलफर्ड साउंडला ते नाव जॉन ग्रोनो नावाच्या वेल्श खलाशाने दिलं, आपल्या देशातल्या मिलफर्ड हेवनवरून. आणि ते मिलफर्ड हेवन म्हणजे नदीच्या दरीत समुद्र शिरून झालेली चक्क खाडी! तेव्हा बाबांसारखाच त्यालाही फियोर्ड बघून घरची खाडी आठवली असणार.

आणि दोन्हीकडे समुद्र आत शिरला तो एकाच वेळी. साधारण २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आपल्या सिंगापूरहून जावा-सुमात्रापर्यंत चालत जाता आलं असतं. बर्फ वितळला, पाणी चढलं. त्याच पाण्याने डाउटफुल साउंड भरला, दाभोळची खाडी भरली आणि सिंगापूरची सामुद्रधुनीही.

धबधब्यांबद्दल किती लिहू? मुख्य दरी मोठ्या हिमनदीने खोल कापली. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढी ताकद नव्हती, त्यांच्या दऱ्या वरच लटकत राहिल्या. त्यांतून पाणी थेट खाली कोसळतं. ब्राउन फॉल्स ६०० मीटरांहून जास्त उंचीवरून उतरतो. आम्ही गेलो त्या सकाळी पाऊस होता, त्यामुळे नावं असलेल्या धबधब्यांखेरीज जिथे बघाल तिथे पांढऱ्या रेघा. खडकावर माती जवळजवळ नाहीच. शेवाळ्यावर झाडं उगवतात, एकमेकांच्या मुळांना धरून उभी राहतात. एक निसटलं की खालची सगळी घेऊन जातं. असे उघडे पडलेले पट्टे जागोजागी दिसतात.

एका फाट्यात शिरल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. फोटोसुद्धा नाही. फक्त पाण्याचा आवाज. आईने डोळे मिटून हात जोडले होते.

मग कयाक पाण्यात सोडल्या. ईशान तयारच होता. त्याच्याबरोबर नवरा जाणार असं मी ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "मी जातो त्याच्याबरोबर."

मी ताडकन म्हटलं, "नाही बाबा. एकाहत्तर वर्षांचे आहात. पाणी बर्फासारखं आहे. गुडघ्याचं काय? तुमचा विमा..." माझी यादी संपत नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. लिफ्टपाशी उभे राहायचे तसे बाजूला उभे राहिले.

आई हळूच म्हणाली, "अगं, त्यांना विचार ना एकदा."

मी विचारलंच नाही. विचारलं त्या गाइड मुलीने, आणि मला नव्हे, बाबांना. पोहता येतं का? औषधं कुठली चालू आहेत? गुडघे दुमडून किती वेळ बसता येईल? बाबांनी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. पोहण्याच्या प्रश्नावर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बेटर दॅन हर." ते खरंच आहे. तिने लाइफ जॅकेट पुढे केलं. मला वाटलं, आता म्हणतील नको ते. पण त्यांनी ते घातलं, पट्टे स्वतः ओढून घट्ट केले आणि मग ईशानचेही तपासले.

पहिली पाच मिनिटं फजिती! बाबांना एका पात्याच्या वल्ह्याची सवय, हे दोन पात्यांचं. कयाक जागच्या जागी गोल फिरत राहिली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग ईशानने त्यांना शिकवलं आणि थोड्याच वेळात दोघं सरळ रेषेत निघाले. एका बारीकशा धबधब्याजवळ जाऊन थांबले. तुषार अंगावर येतील इतके जवळ, पण त्याच्या खाली नाही. परत येताना बाबा एकदम खडकाच्या भिंतीकडे वळले आणि काठाकाठाने येऊ लागले. मला कळेना, सरळ का येत नाहीत. मिनिटभरात फाट्याच्या मधोमध वारा सुटला आणि पाण्यावर लाटा उठल्या. गाइडने बाकीच्यांनाही काठाने यायची खूण केली. वर आल्यावर ईशान म्हणाला, "आजोबा म्हणाले, तिकडे पाणी काळं पडतंय, वारा येतोय. हाऊ डिड ही नो?"

मला माहीत होतं कसं. मी मात्र विसरले होते.

आईचं म्हणणं सांगायलाच हवं, नाहीतर ती रागवेल. तिथली चिलटं! धक्क्यावर उतरलं की हातापायांवर तुटून पडतात. माओरी कथेत टू टे राकिफानोआ नावाच्या देवाने आपल्या अवजाराने हे सगळे फियोर्ड कोरले. ते इतके सुंदर झाले की माणसं इथेच रमतील, म्हणून हिने-नुई-टे-पो या देवीने चिलटं सोडली. आई म्हणाली, "आपल्या परशुरामाने समुद्र हटवून कोकण केलं, पण हे असलं काही सोडलं नाही." बाबा म्हणाले, "मग डास कुणी सोडले?"

गोष्ट इथे संपली असती. पण परतल्यावर ईशानने हट्ट धरला की आजोबांची खाडी बघायची. मी त्या गावची मुलगी, पण खाडीतून होडीने कधी फिरले नव्हते. फेरीबोटीत मोटार चढवायची आणि पलीकडे उतरायचं, एवढंच. म्हणून यंदा मार्चच्या आठवड्याभराच्या सुट्टीत चिपळूणला गेलो. इथून जाताना सगळ्यांच्या मापाची लाइफ जॅकेट बॅगेत घालून नेली. गावात लोक हसतील याची खात्री होती.

बाबांच्या ओळखीच्या एका दादांची होडी होती. भरती कधी, कुठून निघायचं, कुठे वळायचं, सगळं बाबांनी ठरवलं. मार्चमध्ये सवतसडा कोरडा, डोंगर पिवळे. पण वाशिष्ठीला पाणी होतं, कारण कोयनेचं अवजल बारा महिने येतं. काठच्या चिखलात मगरी ऊन खात पडल्या होत्या. ईशानचा हात काठावरून बाहेर गेला की बाबा तो आत घ्यायचे. "डाउटफुल साउंडात डॉल्फिन आहेत, इथे ह्या आहेत. इथे कयाक नाही."

जॅकेट मी काढली तेव्हा होडीवाले दादा हसलेच. बाबा हसले नाहीत. त्यांनी आपलं घातलं आणि म्हणाले, "बरं केलंस, आणलीस." मग खाडीच्या मध्यावर आल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते सातवीत असताना ऐन पावसात तर उलटली होती. उतारू काठाच्या जवळच होते, बहुतेक वाचले. बाबांच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा वाचला नाही. "दोन दिवस शाळा बंद होती. तिसऱ्या दिवशी परत त्याच तरीने गेलो. दुसरा रस्ताच नव्हता." ही गोष्ट त्यांनी आईलाही सांगितली नव्हती. ईशानने हळूच जवळ सरकून त्यांच्या जॅकेटचा पट्टा तपासला, त्यांनी त्याचा तपासला होता तसाच.

मला वाटत होतं, बाबांना पाण्याचा धोका कळत नाही म्हणून मी अडवलं पाहिजे. धोका त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. पट्टे का घट्ट करायचे, काठाने का यायचं, हे त्यांना सातवीपासून माहीत होतं.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांचे आई-वडील डिसेंबरात येतील. त्यांना फियोर्ड दाखवाच असं मी म्हणत नाही. महाग आहे, थंडी आहे, चिलटं आहेत. आणि वय झालं की काही गोष्टी खरंच झेपत नाहीत, तेव्हा नाहीच म्हणावं लागतं. पण त्या गाइड मुलीसारखं आधी त्यांना विचारा. उत्तर ऐकून मग ठरवा.

या दिवाळीला आई-बाबा आमच्याकडेच आहेत. भाऊबीज झाली की रविवारी पुलाव उबिनला जायचं ठरलंय. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बाबांनी ईशानकडून काढून घेतलंय. चांगीपर्यंतचा बसचा रस्ताही तेच ठरवताहेत, आणि त्यांचं कार्ड आता त्यांच्याच खिशात आहे. परवा ते चुकीच्या बसमध्ये चढले आणि तासभर उशिरा घरी आले. मी दारात उभी होते. "बेडोक पाहून आलो," म्हणाले, आणि चहा मागितला.